चालत्या ताऱ्याची रेघ

आमच्या पेठेतल्या फोटोवाल्याशी मी बोलत नाही. त्याचे केस आता पिकले, माझे तर गेलेच. तरी त्याच्या दुकानावरून जाताना मी मान सरळ ठेवतो. लोकांना वाटतं, पैशावरून बिनसलं असणार. माझ्याबद्दल लोकांना नेहमी तसंच वाटतं. पैशावरची भांडणं मी संध्याकाळपर्यंत विसरतो, कारण सकाळी त्याच माणसाशी पुन्हा धंदा करायचा असतो. हे भांडण माझ्या बायकोच्या डोळ्यांवरून झालेलं आहे, म्हणून ते टिकलं.

माझा धंदा बारदानाचा. भाताच्या गिरण्यांतून आणि मिठागरांवरून रिकामी पोती उचलायची, फाटकी शिवून घ्यायची आणि पुन्हा विकायची. सुरुवातीला पोत्यांचा भारा डोक्यावर घेऊन मी उरणच्या वाटेने पायी गेलेलो आहे. पुढे बैलगाडी झाली, मग गोदाम झालं. कोणी हात दिला नाही, त्यामुळे कोणापुढे वाकायचीही वेळ आली नाही. माल पारखून घेतल्याशिवाय मी पोत्याला हात लावत नसे, आणि भाव पाडल्याशिवाय तर नाहीच.

लग्न ठरवतानाही मी सगळं पारखून घेतलंय अशी माझी समजूत होती. तिचं माहेर जासईच्या बाजूचं, मिठागरावर राबणारं घर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकदा दिवेलागणीला ती परसातून घरात येताना दाराच्या चौकटीवर अशी आदळली की कपाळावर टेंगूळ आलं. मी ओरडलो, "आंधळी आहेस काय?"

ती खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "अंधारात हाय. लहानपनापासून."

रातांधळेपणा. सासऱ्यांनी तो लपवला होता. सासऱ्यांशी मी पुढे दोन वर्षं बोललो नाही. तिच्याशी न बोलणं मात्र एक संध्याकाळही जमलं नाही, कारण संध्याकाळी तिला माझा हात लागायचा.

पुढे मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नजर कडेकडेने आत येत चालली आहे. आता दिवसा समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. हळूहळू समोरचंही आक्रसत जाईल. कधी, ते सांगता येत नाही, आणि औषध नाही. मी डॉक्टरांशीही हुज्जत घातली. औषध नाही म्हणजे काय? कुठे तरी असेलच ना! तिने माझ्या सदऱ्याची बाही ओढली आणि मला बाहेर आणलं. परतताना ती गाडीच्या खिडकीतून बघत राहिली. पनवेल जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मग जेवढं बघायचं तेवढं बघून घेऊया."

त्यानंतर ती वस्तू फार निरखून बघू लागली. बाजारातून आणलेल्या पापलेटाचा डोळा बघायची, हंड्याच्या बुडाची नक्षी बघायची. दुपारी जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसायची. माझ्या तोंडात बघण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक होतं. तिला तसं सांगितलं तर म्हणायची, "तुमी जेवा गप."

अमेरिकेने आकाशात मोठा चकचकीत फुगा सोडला, ती गोष्ट याच सुमाराची. तो पृथ्वीभोवती फिरायचा आणि संध्याकाळी आमच्या डोक्यावरून जायचा. कोणत्या संध्याकाळी कधी दिसेल ते वर्तमानपत्रात छापून यायचं. सगळी आळी तलावाच्या काठी जमायची. एका संध्याकाळी आम्हीही गेलो. तिने माझं कोपर धरलं होतं. लोकांना वाटे, केवढी लाडकी बायको. कोणाला काही कळत नसे, आणि आम्हीही कळू दिलं नव्हतं.

पश्चिमेकडून तो आला. शुक्राएवढा ठळक, न लुकलुकता, पाण्यातून होडी जावी तसा सरळ चाललेला. पोरं ओरडली. शेजारच्या काकू मागे वळून म्हणाल्या, "वहिनी, दिसला का गं?"

"दिसला तर!" बायको म्हणाली. "केवढा तेज हाय!"

तिचं तोंड भलत्याच दिशेला होतं. मी तिच्या हनुवटीला धरून तिला वळवणार होतो, पण काकू बघत होत्या.

घरी येताना तिने विचारलं, "कसा होता?"

पोत्याच्या सुताचा मी तासभर हिशेब देऊ शकतो. त्या ताऱ्याचं मात्र मला काही सांगता येईना. म्हटलं, "तारा असतो तसा. फक्त चालणारा."

"तारा तरी मी कुठं बघितलाय? चंद्र दिसतो, दिवा दिसतो. तारे नाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, तिला अंधारात चालता येत नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला गोदामात नेलं, एक जुनं जाड पोतं घेतलं आणि दोघांच्याही डोक्यावरून कमरेपर्यंत ओढलं. दारातून ऊन येत होतं. पोत्याला बारीक बारीक भोकं होती.

"हे असे. मधली काळी जागा म्हणजे आकाश."

ती एकेका भोकाकडे मान वळवत राहिली. पोत्यात उकडत होतं, कोंडा नाकात जात होता. मग म्हणाली, "इतके?"

"याहून जास्त."

"आणि तो चालतो तो कोणता?"

तेवढ्यात आमचा हमाल आत आला. मालक-मालकीण एका पोत्यात उभे आहेत हे बघून आल्या पावली परत गेला. ती इतकी हसली की पोत्याची शिवण उसवली. पण चालणारा तारा काही मला पोत्यात दाखवता आला नाही.

मी तिला वर्तमानपत्रात वाचलेलं सांगितलं: त्या फुग्याला स्वतःचा दिवा नाही. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तितक्या उंचीवर ऊन असतं, त्या उन्हाने तो चमकतो.

"म्हंजे वर अजून दिवस हाय?"

"हो."

"मग वर गेले तर मला दिसेल." असं म्हणून ती तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने, मान वर न करता म्हणाली, "एकदा बघायचा होता."

तिने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नव्हतं. पातळ आणलं तर "कशाला आणलं" म्हणायची. ही एकच गोष्ट तिने मागितली, आणि ती बाजारात मिळणारी नव्हती.

मुंबईच्या एका साप्ताहिकात मला एक फोटो दिसला. काळं आकाश, त्यात ठिपके, आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेलेली पांढरी रेघ. खाली लिहिलं होतं, की साध्या कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवला तर फुग्याची वाट अशी उमटते. फोटो दिवसा बघता येतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोच फोटो कापून तिला देता आला असता. पण तो परमुलखातला होता. तिला आपल्या डोक्यावरून गेलेला हवा होता.

कॅमेरा मी मुंबईच्या जुन्या बाजारातून घेतला. घडीचा, चामड्याच्या भात्याचा. दुकानदार म्हणाला, "शेठ, विलायती माल है."

"माल विलायती, भोक देशी," मी म्हणालो. मी भाता उन्हाकडे धरून आत डोळा लावला होता. कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड होता.

"अरे, कैसा छेद? दिखाव!"

मी दाखवला. त्याने कपाळाला हात लावला. बारदानवाल्याला भोक असलेली वस्तू पूर्ण भावात विकणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी तीनदा दुकानाबाहेर गेलो, तीनदा त्याने परत बोलावलं. शेवटी कॅमेरा घेतला आणि वर एक फिल्मही उकळली. घरी येऊन भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आतून चिकटवला.

पहिली फिल्म मुंबईला धुऊन आणली, ती वाया गेली. कॅमेऱ्याची कळ एकदा दाबली की पडदा उघडा राही, पुन्हा दाबली की मिटे. पण दोन्ही वेळा कॅमेरा हले, आणि तारे गांडुळासारखे वाकडे येत. मग मी दोन गोष्टी केल्या. अर्ध्या पोत्यात भाताचा कोंडा भरून त्यावर कॅमेरा रुतवून ठेवला. मग तो तसूभरही हलेना. आणि कळ दाबण्याआधी भिंगापुढे माझी काळी टोपी धरायची, हादरा थांबला की टोपी काढायची, तारा गेला की पुन्हा धरायची. पण मला वर बघायचं होतं. टोपी धरायला दुसरा माणूस हवा होता.

"मी धरते," ती म्हणाली. "मला तसंही वर बघायचं नाय."

गावाबाहेर एका गिरणीचं भात वाळवायचं पटांगण होतं. तिथे दिवा नव्हता, आणि दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका स्पष्ट दिसे. तिथे आम्ही सूर्य मावळताना जायचो. उजेड असतानाच ती कॅमेरा हाताने चाचपून घ्यायची: हे भिंग, ही कळ, इथे टोपी. अंधार पडला की मला चाचपडावं लागे, तिला नाही. तारा सुळक्याच्या वर आला की मी म्हणायचो, "काढ." ती टोपी अलगद बाजूला घ्यायची आणि श्वासही रोखून धरायची.

"कुठं आलाय?" ती कुजबुजायची.

"सुळक्याच्या वर. चाललाय."

"आता?"

"आता डावीकडे. झाडापर्यंत. झाक."

टोपी परत भिंगावर. मग ती श्वास सोडायची. आम्ही दोघं जमिनीवर बसलेलो असायचो, तिचा एक हात टोपीवर आणि दुसरा माझ्या गुडघ्यावर. आजवरच्या आयुष्यात मी कुठल्या कामावर इतका खूष नव्हतो.

त्या उन्हाळ्यात फुगा आमच्याकडे संध्याकाळी दिसायचे थोडेच दिवस उरले होते, आणि त्यामागून ढग यायचेच होते. एक दिवस सगळं जमून आलं. या वेळी मुंबईला जाण्याइतका धीर नव्हता; फिल्म मी पेठेतल्या फोटोवाल्याकडे नेली.

हा माणूस लग्नाच्या मुलींच्या फोटोंसाठी नावाजलेला. देवीचे व्रण, तीळ, निगेटिव्हवरचा ओरखडा, काही ठेवत नसे. बारीक चाकू आणि ब्रश घेऊन खिडकीशी बसायचा आणि निगेटिव्ह अशी साफ करायचा की मुलीच्या आईलाही आपली मुलगी नवी वाटावी. मी त्याला फिल्म दिली आणि जे प्रत्येक कारागिराला सांगतो तेच सांगितलं: "काम स्वच्छ पाहिजे. एक डाग दिसला तर घेणार नाही."

"शेठ, माझ्याकडून डाग जातो का कधी?" तो म्हणाला.

कशाचा फोटो आहे ते मी सांगितलं नाही. आपल्या बायकोला काय दाखवायचंय, ते पेठेत कशाला सांगायचं?

त्याने पाकीट दिलं ते मी बाहेरच्या बाहेर खिशात घातलं आणि थेट घरी आलो. मला ते तिच्याबरोबरच उघडायचं होतं. ती दारात उन्हाला बसली होती. मी तिच्या हातात फोटो दिला आणि मुद्दाम आधी स्वतः बघितला नाही. तिचं तोंड बघत राहिलो.

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आडवा केला, उन्हाकडे कलता केला. मग तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

"सुळका दिसतो," ती म्हणाली. "वर काय नाय दिसत."

"नीट बघ. रेघ आहे."

"नाय दिसत हो." तिने फोटो मांडीवर ठेवला आणि आपले दोन्ही हात उन्हात धरून बघितले, एकदा पालथे, एकदा उताणे. "दिवसाचं पन गेलं वाटतं आता."

फोटो मी हिसकावून घेतला. खाली कर्नाळ्याचा सुळका होता, आणि वर गुळगुळीत, एकसारखं काळं आकाश. एक तारा नाही. रेघ नाही.

"यात काही नाहीच!" मी ओरडलो. "तुझे डोळे ठीक आहेत! यात काही नाहीच!"

"माझ्यासाठी बोलताय."

"देवाशपथ! हे बघ, मलाही दिसत नाही!" मी शेजारच्या काकूंना हाक मारली, रस्त्यावरून चाललेल्या एका टांगेवाल्याला थांबवलं, दोघांना फोटो दाखवला. दोघांनीही वर काळंच बघितलं. तेव्हा कुठे तिचा श्वास सुटला. मग ती रडली आणि मग हसली. "म्हंजे माजे डोळे हायत," ती काकूंना सांगू लागली, आणि काकूंना काही कळेना.

मी मात्र तेव्हा पेठेच्या अर्ध्या वाटेवर पोहोचलो होतो.

"रेघ कुठे गेली?" मी फोटोवाल्याच्या टेबलावर फोटो आपटला.

"कुठली? तो ओरखडा? काढला की," तो म्हणाला. "निगेटिव्हवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. शिवाय धुळीचे ठिपके किती! दोन दिवस बसलो चाकू घेऊन. एकही ठेवला नाही."

"ते तारे होते!"

त्याने निगेटिव्ह उजेडाकडे धरली. ती खरवडून साफ केलेली होती. "शेठ, तुम्हीच म्हणालात, एक डाग दिसला तर घेणार नाही."

"आकाशात तारे असतात हे मी सांगायला हवं होतं?"

"फोटोत नसतात," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं फोटो काढतोय. फोटोत कधी तारा आलेला बघितला नाही."

पुढे मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुकानापुढे गर्दी जमली. कोणी म्हणालं, शेठ, एका फोटोसाठी एवढं? त्यांना काय सांगणार! माझी बायको उन्हात हात धरून आपली नजर शोधत बसली होती, ती या माणसाच्या चाकूमुळे. त्या क्षणाची माफी मी त्याला दिलेली नाही. तो म्हणतो, शेठनीच सांगितलं होतं. म्हणू दे.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा पटांगणात गेलो. मी नुसता धुमसत होतो. माझा राग आठवडाभर पुरतो. तिनेच कोंड्याचं पोतं थोपटून बसकं केलं, तिनेच टोपी मागितली. तारा आला. आकाशात उरणच्या बाजूला ढगांच्या कडा दिसू लागल्या होत्या.

फिल्म मुंबईला न्यायची असं मी ठरवलं. ती म्हणाली, "पेठेत द्या."

"त्याच्या उंबऱ्याला मी पाय लावणार नाही."

"मग मी लावते."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, डोक्यावरून पदर घेऊन ती एकटी त्याच्या दुकानात गेली. मी समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात उभा राहून ऐकत होतो. तो उठून उभा राहिला. बहुधा त्याला वाटलं, आता दुसरी फेरी.

"दादा," ती म्हणाली, "यात जेवढे डाग निघतील तेवढे सगळे आमचे हायत. एकाला पन हात लावू नका."

"ओरखडा आला तर, वहिनी?"

"तो तर जास्तच आमचा."

"आणि खरोखरीचा ओरखडा असला तर?"

"तो पन राहू द्या. आमी ओळखू."

काही दिवसांनी तो स्वतः फोटो घेऊन घरी आला. मी आत गेलो, पण दाराआड उभा राहिलो. तो म्हणाला, "वहिनी, बघा. एक ठिपका काढलेला नाही. हात नुसते शिवशिवत होते हो." तिने त्याला पाणी दिलं. मी त्याला निरोप द्यायला बाहेर आलो नाही.

तो गेल्यावर मी तिच्याशेजारी येऊन बसलो. फोटोत खाली सुळका होता. वर ठिपके होते, मोठे, बारीक, काही अगदी धुळीसारखे. आणि त्यांच्यामधून उजव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत एक रेघ होती, केसाएवढी बारीक. मला ती एका नजरेत दिसली. दिसली आणि संपली. मनात म्हटलं, एवढ्यासाठी केवढा खटाटोप! रेघच ती.

तिला ती एका नजरेत दिसणार नव्हती. तिची नजर तोवर रुपयाएवढी झाली होती; सबंध फोटो तिच्या डोळ्यांत मावत नसे. तिने उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे तिला रेघेचा तुकडा सापडला. मग तिने मान किंचित वळवली, पुढचा तुकडा दिसला आणि मागचा गेला. आणखी वळवली. एक तारा तिच्या नजरेत शिरला आणि मागे पडला. दुसरा शिरला. रेघ पुढेच जात होती.

"अहो," ती म्हणाली, "चाललाय."

तिचं बोट सुळक्याच्या वर आलं होतं.

"सुळक्यावर आला. आता झाडाकडं." तिचं बोट हळूहळू सरकत होतं आणि डोळे त्याच्यामागे. "किती सावकाश जातो! तुमी म्हनाला तसाच."

सबंध आळीला तो तारा चालताना दिसला होता, आणि तिला तो आता, आमच्या दारात, दुपारच्या उन्हात चालताना दिसत होता. बोट डाव्या कडेला जाऊन थांबलं. तिथे फोटो संपत होता. ती थोडा वेळ त्या कडेकडेच बघत राहिली.

"पुढं कुठं गेला?"

"पुढे टोपी लावलीस तू."

"मला काय माहीत, एवढा चांगला चाललाय ते! सांगायचं ना, आत्ता नको म्हनून." ती माझ्यावर खरोखरच चिडली होती. मग तिने बोट उचललं, पुन्हा उजव्या कडेवर ठेवलं आणि मला म्हणाली, "सरका जरा, उजेड अडवू नका."

मी सरकलो.